पेत्र पोहोचण्यापूर्वी

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये १०:१–४८, ११:१–१८, १७:१६–३४



पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्यांत एक पद्धत रूढ आहे. एखाद्या अध्यायाचा कच्चा खर्डा तयार झाला, म्हणजे ज्यांनी शास्त्र पूर्वी कधी ऐकलेले नाही अशा माणसांना तो वाचून दाखवायचा आणि मग त्यांना साधे प्रश्न विचारायचे. कोण कोणाकडे गेला? का गेला? तेथे काय घडले? ऐकणाऱ्याचे उत्तर चुकले, तर दोष त्याच्या बुद्धीचा नसून आमच्या भाषांतराचा आहे असे आम्ही समजतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बोलीतील भाषांतराची अशीच पडताळणी चालली असता, एका खेड्यातील घराच्या ओसरीवर बसून मी प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय वाचून दाखवीत होतो. ऐकणाऱ्यांत सत्तरीच्या घरातील एक आजी होत्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. कर्नेल्य शताधिपतीची कथा त्यांनी चित्त देऊन ऐकली, आणि मी काही विचारण्यापूर्वी त्यांनीच मला विचारले :

"म्हंजी भाऊ, त्यो पेत्र यायच्या आधीपास्नंच देव त्या शिपायाचं ऐकत व्हता?"

"होय आजी, तसंच लिहिलंय."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आय पहाटं जात्यावर बसायची, तवा देवाचं नाव घेतल्याबिगर दळण सुरू करायची न्हाई. दारात आलेल्याला तिनं कधी उपाशी लावून दिलं न्हाई. पर तिच्या दारात कुणी पेत्र आलाच न्हाई. तिचं कसं?"

माझ्याजवळ उत्तर तयार होते. ईश्वरविज्ञानाच्या वर्गात ते मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिले होते, आणि त्या उत्तराला शास्त्राचे संदर्भही जोडता येत होते. ते मी लगेच दिले. ते चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. पण ज्या तत्परतेने मी ते दिले, ती तत्परता मला आजही बोचते. आजींनी मान हलविली आणि त्या उठून आत गेल्या. मी खर्ड्याच्या समासात 'अर्थ समजला' अशी खूण केली आणि पुढचा अध्याय उघडला.

हा प्रश्न केवळ त्या आजींचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यात, तीन-चार पिढ्यांमागे, अशीच एखादी आई होऊन गेली आहे. आपण पुण्यात राहत असू वा इंदुरात, बेळगावात वा बडोद्यात वा दिल्लीत, आपल्या भिंतीला भिंत लागून जे कुटुंब राहते ते बहुधा आपल्या श्रद्धेचे नाही. त्यांच्या घरातील समईकडे, त्यांच्या उपवासाकडे, त्यांच्या नमाजाकडे ख्रिस्ती मनुष्याने कोणत्या दृष्टीने पाहावे? आपल्या प्रॉटेस्टंट पूर्वजांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. शास्त्राकडे वळण्यापूर्वी त्यांचे थोडक्यात स्मरण करणे उचित होईल.

महाराष्ट्रातील पहिल्या पिढीच्या मिशनरींचे उत्तर मुख्यतः खंडनाचे होते. १८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन यांनी मोरभट्ट दांडेकर यांच्याशी वाद केला आणि १८३२ साली हिंदू धर्माचे खंडन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. त्यांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन यांनी छापला. या वादांत कठोर भाषा दोन्ही बाजूंनी वापरली गेली. तथापि या लोकांना आपण उथळ समजू नये. ज्याचे खंडन करायचे ते त्यांनी आधी वाचले होते. हेच विल्सन पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष झाले. शेजाऱ्याच्या धर्माविषयी एक पानही न वाचता त्याला नावे ठेवणारे आपण, निदान या बाबतीत, त्यांच्यापेक्षा खालच्या पायरीवर उभे आहोत.

पुढे वारे बदलले. १९१० साली एडिनबरा येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. तिच्या चौथ्या आयोगाने ख्रिस्तेतर धर्मांविषयी निरनिराळ्या देशांतील मिशनरींकडून माहिती मागविली, आणि तिरस्काराने कोणाचे मन जिंकता येत नाही, सहानुभूतीने समजून घ्यावे लागते, असे पुष्कळांनी अनुभवाने कळविले. १९१३ साली जे. एन. फार्कर यांनी आपल्या ग्रंथात हिंदू धर्मातील श्रेष्ठ आकांक्षांची परिपूर्ती ख्रिस्तामध्ये होते, तोच त्या धर्माचा मुकुट आहे, असा विचार मांडला. आपल्या मराठी मंडळीत या विचाराला जिवंत रूप मिळाले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ठायी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे सांगत असे. निकल मॅक्निकल आणि जस्टिन अ‍ॅबट यांच्यासारख्या मिशनरींनी मराठी संतांची वाणी इंग्रजीत नेली ती याच काळात.

त्यानंतर याच्या उलट दिशेचा आवाज उठला. डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरम येथे आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली. तिच्यासाठी डच विद्वान हेंड्रिक क्रेमर यांनी एक मोठा ग्रंथ लिहिला होता. क्रेमर हे मूळचे भाषाशास्त्रज्ञ; नेदरलँड्सच्या बायबल सोसायटीने १९२२ साली त्यांना जावा बेटावर पाठविले होते. मनुष्याचा धर्म आणि देवाने ख्रिस्तामध्ये केलेले प्रकटीकरण यांच्यामध्ये सरळ जिना नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. तेथेच मद्रास ख्रिश्चन कॉलेजात आयुष्य वेचलेले ए. जी. हॉग यांनी त्यांना हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, ख्रिस्तेतर धर्ममते ही एक गोष्ट आणि एखाद्या ख्रिस्तेतर मनुष्याची जिवंत श्रद्धा ही दुसरी गोष्ट; पहिलीची चिकित्सा करताना दुसरीसमोर जोडे काढून उभे राहावे लागते. चेंचय्या आणि चक्करै यांच्यासारख्या भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनीही त्याच वर्षी आपला स्वतंत्र सूर काढला.

कार्ल बार्थ यांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. धर्म म्हणजे अविश्वास, हे त्यांचे मत प्रसिद्ध आहे. हिंदू धर्म अविश्वास आहे हे आपणांस कसे कळले, आपण कोणा हिंदूस भेटला आहात काय, असे श्रीलंकेचे डी. टी. नाइल्स यांनी त्यांना विचारले. भेटलो नाही, ते मला आधीपासूनच ठाऊक आहे, अशा अर्थाचे उत्तर बार्थ यांनी दिले, असे नाइल्स यांनी लिहून ठेवले आहे. ही हकीकत सांगून लोक हसतात. पण बार्थ यांच्या म्हणण्याचा अर्धा भाग ते विसरतात. हा निवाडा सर्वप्रथम ख्रिस्ती धर्मावर लागू होतो, असे बार्थ यांनी बजावले होते. आपली मंदिरे, आपली गीते, आपली घटनापत्रके, आपल्या समित्या यांच्या आड जर आपण जिवंत देवापासून लपत असू, तर आपलाही धर्म अविश्वासच होय.

या दोन प्रवाहांचा झगडा अजून मिटलेला नाही. १९७४ सालच्या लोझान करारनाम्याने ख्रिस्ताचे अद्वितीयत्व निःसंदिग्ध शब्दांत मांडले. १९८९ साली सॅन अँटोनियो येथील जागतिक मिशन परिषदेने दोन वाक्ये एकत्र उच्चारली : येशू ख्रिस्तावाचून तारणाचा दुसरा मार्ग आम्ही दाखवू शकत नाही; आणि देवाच्या तारणसामर्थ्याला आम्ही सीमाही घालू शकत नाही. काहींना यात विसंगती दिसली. मला मात्र कर्नेल्याचा अध्याय वाचताना ही दोन्ही वाक्ये एकाच घरात नांदताना दिसतात. तेव्हा आता त्या घरात जाऊ या.

प्रथम देवदूत कर्नेल्याला काय सांगतो ते पाहा. त्याच्या प्रार्थना व त्याचे दानधर्म देवासमोर स्मरणार्थ वर पोहोचले आहेत, असे चौथ्या वचनात म्हटले आहे. येथे लूकाने जो ग्रीक शब्द योजला आहे तो 'म्नेमोसुनोन'. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द लेवीय २:२ मध्ये येतो. अन्नार्पणातील मूठभर सपीठ सर्व धुपासह वेदीवर जाळावयाचे, त्या अंशाला हे नाव आहे. म्हणजे हा वेदीवरचा शब्द आहे. आता कर्नेल्य कोण, हे आठवा. यरुशलेमेच्या मंदिरात परराष्ट्रीयाला बाहेरच्या अंगणापलीकडे पाऊल टाकण्याची मनाई होती. पुढे येईल त्याच्या मरणाला तोच जबाबदार, अशी ताकीद कोरलेला ग्रीक शिलालेख १८७१ साली यरुशलेमेत सापडला आहे. ज्याचे पाय त्या भिंतीशी थांबत होते, त्याची प्रार्थना मात्र थेट वेदीवर पोहोचली होती, असे लूक सांगतो. आणि हे पेत्र येण्यापूर्वी, बाप्तिस्म्यापूर्वी, येशूची सुवार्ता त्या घरात सांगितली जाण्यापूर्वी.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कर्नेल्य हा इस्राएलाच्या देवाचे भय बाळगणारा होता. सभास्थानाच्या उंबरठ्यावर उभा असलेला तो मनुष्य होता. म्हणून त्याच्या उदाहरणावरून प्रत्येक धर्माविषयी सरसकट सिद्धांत मांडणे हे शास्त्राला ताणणे होईल. पण पेत्राने स्वतः जो निष्कर्ष काढला, तो कर्नेल्यापुरता मर्यादित ठेवलेला नाही. चौतिसाव्या व पस्तिसाव्या वचनांत तो म्हणतो की देव पक्षपाती नाही; प्रत्येक राष्ट्रात जो त्याचे भय धरतो आणि नीतीने वागतो, तो त्याला मान्य आहे. 'प्रत्येक राष्ट्रात' हे शब्द पेत्राचे आहेत. ते आपण पुसून टाकू शकत नाही.

परंतु भाषांतरकाराला येथे फार सावध राहावे लागते. पस्तिसाव्या वचनातील शब्द 'देक्तोस' असा आहे. त्याचा अर्थ मान्य, स्वीकारण्याजोगा. आणि अकराव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात पेत्र देवदूताचा निरोप पुन्हा सांगतो, तेव्हा दुसराच शब्द येतो. ज्यांच्या योगे तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल अशा गोष्टी पेत्र तुला सांगेल, असा तो निरोप आहे. क्रियापद भविष्यकाळी आहे. मान्य होणे वेगळे आणि तारण होणे वेगळे. हे दोन शब्द एक करून टाकले, तर पेत्राने सुमारे पन्नास किलोमीटरांची वाट कशासाठी चालावी, हे कळेनासे होते. ज्या देवाने कर्नेल्याची प्रार्थना ऐकली, त्याने 'पुरे झाले' असे म्हटले नाही. प्रार्थना ऐकली म्हणूनच त्याने पेत्राला पाठविले. ख्रिस्त हाच त्या प्रार्थनेचे उत्तर होता.

म्हणून 'सर्व धर्म सारखेच' असे जे सहज बोलले जाते, ते मला मान्य करता येत नाही. हे वाक्य उदार वाटते. पण त्यात दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे कष्ट टाळलेले असतात. माझा शेजारी जे मानतो ते आणि मी जे मानतो ते यांत काही फरक नाही, असे म्हणताना मी त्याच्याही श्रद्धेला गंभीरपणे घेत नाही आणि माझ्याही.

तिसरी गोष्ट आपण बहुधा नजरेआड करतो. या अध्यायात कर्नेल्याला एकदा दर्शन होते आणि तो तत्काळ आज्ञा पाळतो. पेत्राला मात्र चादर तीन वेळा दाखवावी लागते, आणि तरी तो नाही म्हणतो. ऐकणाऱ्याच्या मनाची तयारी करण्यास देवाला जितके लागले, त्याहून अधिक सांगणाऱ्याच्या मनाची तयारी करण्यास लागले! पुढे कर्नेल्याच्या उंबरठ्यावर पेत्र कबूल करतो की, कोणाही मनुष्याला निषिद्ध वा अशुद्ध म्हणू नये हे देवाने मला दाखविले. दर्शन खाण्याच्या पदार्थांविषयी होते; पेत्राने त्याचा अर्थ माणसांना लावला, आणि तो बरोबर लावला.

या 'अशुद्ध' शब्दाचे भाषांतर करताना आपल्याकडील 'विटाळ' हा शब्द लेखणीच्या टोकाशी येऊन थांबतो. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांना विटाळाच्या नावाखाली वेशीबाहेर ठेवण्यात आले होते. गावच्या विहिरीचे पाणी आणि देवळाची पायरी दोन्ही त्यांना बंद होती. त्यांनी जुना धर्म सोडला तो त्यात दिवा दिसला नाही म्हणूनच नव्हे, तर त्या दिव्याजवळ त्यांना येऊच दिले जात नव्हते म्हणूनही. परिपूर्तीचा सिद्धांत मांडणाऱ्या विद्वानांनी ग्रंथांतील उदात्त विचार पाहिले, ते योग्यच केले; पण वेशीबाहेरची वस्ती त्यांच्या चित्रात पुरेशी आली नाही. म्हणून शेजाऱ्याच्या धर्माचा आदर करताना, कोणत्याही धर्मात, आपल्याही मंडळीत, मनुष्याला चिरडणारे जे आहे ते विसरण्याची सक्ती आपल्यावर नाही. परंतु ज्यांना विटाळ म्हटले गेले, त्यांच्याच नातवंडांनी दुसऱ्याच्या प्रार्थनेला विटाळ म्हणावे, हे पेत्राला झालेले दर्शन विसरणे होय.

आता अथेनै नगराकडे वळू. तेथे कर्नेल्यासारखा देवभीरू शताधिपती नाही. तेथे मूर्तींनी भरलेले शहर आहे. सतराव्या अध्यायाचे सोळावे वचन सांगते की ते पाहून पौलाचा आत्मा आतल्या आत संतप्त झाला. ही गोष्ट लपवू नये. पण अरीयपगावर उभा राहून जेव्हा तो तोंड उघडतो, तेव्हा त्याच्या शब्दांत तो संताप नाही. बाविसाव्या वचनात तो अथेनैकरांविषयी जो ग्रीक शब्द वापरतो, त्याचे दोन अर्थ होऊ शकतात : 'फार भाविक' किंवा 'अंधश्रद्धाळू'. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरकारांनी दुसरा अर्थ घेतला. अलीकडील बहुतेक भाषांतरे पहिला घेतात. व्याकरण येथे निकाल देत नाही. ज्या वक्त्याने लगेच पुढे त्यांच्या वेदीचा दाखला घेऊन बोलण्यास आरंभ केला, त्याने पहिल्याच वाक्यात त्यांना हिणविले असेल काय, एवढेच आपण विचारू शकतो. भाषांतरकाराच्या मनात शेजाऱ्याविषयी जे असते, ते अशा एका शब्दात बाहेर पडते. आणि केवळ भाषांतरकाराच्याच नव्हे. आपण घरी, मुलांदेखत, शेजाऱ्याच्या पूजेला कोणता शब्द वापरतो, त्यातही ते बाहेर पडते.

अठ्ठाविसाव्या वचनात पौल त्यांच्याच कवीचा आधार घेतो. आपण देवाचे वंशज आहोत असे सांगणारी ती ओळ आराटस याच्या काव्यातील आहे. आराटस हा पौलाच्याच किलिकिया प्रांतातला, आणि त्याने ती ओळ ग्रीकांच्या मुख्य देवतेला, झ्यूसला, उद्देशून लिहिली होती. पौलाला हे ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही. तरी त्याने ती उचलली, आणि आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवाविषयी सत्य सांगण्यासाठी वापरली. पण तेथेच तो थांबला नाही. तिसाव्या व एकतिसाव्या वचनांत तो पश्चात्तापाची हाक देतो आणि मेलेल्यांतून उठविलेल्या एका पुरुषाकडे बोट दाखवितो. पुनरुत्थानाचे नाव निघताच काहींनी थट्टा केली. सभ्य श्रोत्यांची मर्जी राखायची असती, तर पौलाला ते एक वाक्य गाळता आले असते.

आराटसाच्या ओळीचे जे झाले, तेच आपल्या मराठी शास्त्रात पानोपानी झाले आहे. देव, पाप, कृपा, आत्मा, स्वर्ग, भक्ती, श्रद्धा : यांतील एकही शब्द परदेशी गलबतातून उतरलेला नाही. हे सर्व शब्द आपल्या शेजाऱ्यांच्या देवळांत आणि घरांत शतकानुशतके वापरात होते. १८११ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठी नवा करार छापला, तेव्हा त्यांच्या हाताशी वैजनाथ नावाचे मराठी पंडित होते. म्हणजे आपल्या भाषेतील पहिल्या नव्या कराराच्या सिद्धतेत एका हिंदू विद्वानाचा हात आहे. त्याने दिलेल्या शब्दांवर आपण आजवर प्रार्थना करीत आलो आहोत. शेजाऱ्याकडे सर्वत्र अंधारच असेल, तर त्याच्याकडून घेतलेला 'देव' हा शब्द उच्चारून आपण परमेश्वराला हाक कशी मारू शकतो?

आणि तरीही शब्द जसाच्या तसा घेऊन चालत नाही. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातील नव्या जन्माविषयीचे बोलणे वाचून दाखविले, की श्रोता मेल्यानंतरचा पुढला जन्म समजतो. 'अवतार' म्हटले, की पुष्कळ अवतारांपैकी आणखी एक असा अर्थ निघतो. पण शब्द देही झाला तो एकदाच. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. वेदान्ताचा अर्थ चिकटलेले शब्द टाळावेत आणि साध्या बाईमाणसाला समजेल असे लिहावे, असा त्यांचा कटाक्ष होता. टिळकांना जुन्या पुलावरून यावेसे वाटले. रमाबाईंना तो पूल तपासून घ्यावासा वाटला. दोघेही एकाच प्रभूचे सेवक. भाषांतराच्या मेजाशी बसलो, म्हणजे मला हे दोघे दोन बाजूंना बसलेले जाणवतात, आणि दोघांपैकी एकालाही उठवून लावावे असे वाटत नाही.

तर मग आपण काय करावे?

पहिले, आपली जीभ आवरावी. साक्ष देणे आणि हिणविणे यांतील अंतर पौलाने अरीयपगावर दाखविले आहे. त्याला संताप आला होता. पण त्याने तो प्रार्थनेत आणि विचारात मुरविला, आणि लोकांसमोर युक्तिवाद ठेवला. आपल्या उपदेशपीठावरून दुसऱ्याच्या देवाविषयी थट्टेचा एखादा शब्द निघाला आणि मंडळी हसली, तर त्या हसण्याने सुवार्ता एक पाऊलही पुढे जात नाही.

दुसरे, आधी ऐकावे. पेत्र कर्नेल्याच्या घरी पोहोचला तेव्हा त्याने उपदेशाच्या आधी एक प्रश्न विचारला : मला कशासाठी बोलाविले? कर्नेल्याने आपली हकीकत सांगितली, आणि ती ऐकून पेत्राला देवाविषयी नवे काही कळले. आपण शेजाऱ्याला कधी असे विचारले आहे काय?

तिसरे, ख्रिस्ताचे नाव गिळून टाकू नये. ऐकून घेतल्यावर पेत्राने नासरेथकर येशूचे जीवन, त्याचे मरण, त्याचे पुनरुत्थान आणि त्याच्या नावाने मिळणारी पापांची क्षमा सांगितली. प्रेमामुळे आपण गप्प बसतो असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते प्रेम नसून भिडस्तपणा असतो. जे आपल्याला फुकट मिळाले ते दुसऱ्याला सांगण्याची लाज वाटावी, हा आदर नव्हे. मात्र सांगितल्यावर परिणाम आपल्या हाती नाही. त्या घरात पवित्र आत्मा पेत्राचे बोलणे संपण्याचीही वाट न पाहता उतरला.

शेवटी त्या आजींकडे परत जातो. तो प्रश्न आज मला पुन्हा कोणी केला, तर मी प्रथम थोडा वेळ त्यांच्याजवळ गप्प बसेन. मग म्हणेन : आजी, तुमच्या आईची हाक देवाच्या कानी गेली नाही असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, ज्या देवाने कर्नेल्याचे ऐकले तो बहिरा झालेला नाही. तिचा न्याय करणारा मी नव्हे. जो सर्व जगाचा न्यायाधीश आहे तो अन्याय करणार नाही, अशी अब्राहामाची खात्री होती (उत्पत्ती १८:२५), आणि त्या न्यायाधीशाचे हात खिळ्यांनी भोसकलेले आहेत हे मला कळले आहे. तुमच्या आईवर दया झाली असेल, तर ती त्या खिळ्यांमुळेच झाली असेल. दुसरे कोणतेही दार मला ठाऊक नाही. याहून पुढे मी जाऊ शकत नाही, कारण शास्त्र मला तेथे थांबविते. पण आजी, तुमच्या दारात आज कोणी तरी आले आहे. तो पेत्र नव्हे, त्याच्याहून पुष्कळ लहान माणूस आहे. मात्र त्याने आणलेला निरोप तोच आहे.

हे मी त्या दिवशी म्हणालो नाही. खर्ड्यावर मी जी खूण केली होती, ती खरे तर माझ्याविषयी करायला हवी होती, आणि ती 'अर्थ समजला' अशी नसून 'अर्थ समजला नाही' अशी असायला हवी होती. देवाने पेत्राला चादर तीन वेळा दाखविली. आमच्यासारख्यांना तो किती वेळा दाखवीत राहतो हे त्यालाच ठाऊक. त्याच्या धीराबद्दल त्याचे आभार मानावेत.

प्रार्थना : हे पित्या, आमच्या पोहोचण्यापूर्वी तू तेथे असतोस. आमच्या शेजाऱ्याच्या हाकेकडे तू जसा लक्ष देतोस तसे लक्ष देण्यास आम्हांस शिकीव. आमच्या जिभेवरील तिरस्कार काढून टाक, आणि तुझ्या पुत्राचे नाव उच्चारण्याचे भयही काढून टाक. जे आमच्याआधी तुला हाक मारीत गेले, त्यांना आम्ही तुझ्या न्यायी व जखमी हातांत सोपवितो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.